तुलनेची वस्ती

चिठ्ठी मुकादमाने काढली. त्याच्या हातून आजवर कोणाचंच भलं झालं नव्हतं, तेव्हा त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस शोधून सापडायचा नाही, यावर दोन्ही वस्त्यांचं एकमत झालं.

मिठागराच्या मधोमध मातीचा उंच बांध होता. एक वस्ती बांधाअलीकडे, एक पलीकडे. दोन्हीकडे साठ-साठ झोपड्या, दोन्हीकडे मीठ ओढणारी माणसं, दोन्हीकडे मचूळ पाण्याची एकेक विहीर आणि सकाळी येणारा गोड्या पाण्याचा टँकर. शहरातून आलेल्या पाहणीवाल्या बाईंनी दोन कागदांवर दोन वस्त्या लिहून पत्र्याच्या डब्यात टाकल्या होत्या. मुकादमाने हात घातला, कागद उलगडला आणि वाचला. पलीकडची.

पलीकडच्या बायका हसल्या नाहीत. आपल्याला काय मिळालं ते त्यांना अजून उमगलं नव्हतं. बाईंनी पुन्हा एकदा सांगितलं. आई मिठात असते तेव्हा तिच्या लहान मुलांना सांभाळायला एक पाळणाघर, तिथे दुपारी मऊ भात आणि अंडं, उकळलेलं पाणी, आठवड्यातून एकदा नर्स. अशाने मुलांची वजनं वाढतात का, धाकट्यांना सांभाळायला घरी राहिलेल्या मुली शाळेत जाऊ लागतात का, बायकांची दुखणी कमी होतात का, ते दोन हंगाम पाहायचं. फरक दिसला की तो कागद सरकारपुढे ठेवायचा, आणि मग सगळ्या मिठागरांवर पाळणाघरं होतील. पुराव्याशिवाय सरकार जागचं हलत नाही, असं बाई म्हणाल्या. ते मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

अलीकडच्या एका घरच्या धाकट्या सुनेची, धाकटीची, सासू पुढे बसली होती. पांढऱ्या उजेडाने तिचे डोळे अधू झाले होते, ती आवाजाच्या रोखाने बघायची. तिने विचारलं, "आणि आमचं काय करायचं?"

"तुमचं फक्त मोजायचं," बाई म्हणाल्या.

मोजायचं काम धाकटीकडे आलं. दोन्ही वस्त्यांत दशांशाचा आकडा वाचता येणारी तीच एक सून होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कोणी बोलायचं नाही, पण न बोलणंही तिला ऐकू यायचंच. बाईंनी तिला टांगता काटा दिला, त्याला अडकवायची कापडी झोळी दिली, आणि दंड मोजायची कागदी पट्टी. पट्टीवर तीन रंग. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे मूल धोक्यात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल सुरू व्हायचा.

शिकवायला बाई स्वतः आठ दिवस येत होत्या. जमिनीवर मांडी घालून बसायच्या, कोणाच्या घरचं पाणी नाकारायच्या नाहीत. त्यांनी सांगितलं, आधी काटा शून्यावर आणायचा. आकडा मोठ्याने म्हणायचा नाही. दोनदा घ्यायचा, फरक आला तर तिसऱ्यांदा. मनाने काही लिहायचं नाही आणि मनाने काही गाळायचं नाही. आणि अलीकडचं मूल पलीकडच्या पाळणाघरात जाता कामा नये, नाहीतर दोन्हीकडचं पाणी एक होईल आणि काहीच कळणार नाही.

"अलीकडची वजनं जास्त नीट घ्या," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं ज्यांना मिळालं त्यांच्यावरून कळतं. तसं नसतं. ज्यांना मिळालं नाही त्यांच्यावरून कळतं."

महिन्यातले चार दिवस धाकटी काटा खांद्याला लावून निघायची. त्या चार दिवसांत तिच्या वाटचे वाफे थोरली ओढायची. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. बोलायला तोडकी, हाताला उदार. पहिल्याच महिन्यात ती म्हणाली होती की तू जा, घरात एक जण तरी सावलीत बसून खाऊ दे. नवरे दोघेही लांबच्या वाफ्यांवर पोती भरायला असायचे, ते दिवस मावळल्यावर यायचे. जवळचे वाफे या दोघींचे. घोटाभर पाण्यात उभं राहून लांब दांड्याची फळी पुढे ढकलायची, मीठ कडेला ओढायचं, ढीग करायचा, घमेल्याने बांधावर टाकायचा. फळीचा दांडा छातीखाली जिथे टेकायचा तिथे थोरलीला हाताच्या पंज्याएवढा घट्टा पडला होता. टाचांच्या भेगांत मीठ गेलं की ती दात आवळायची, थांबायची नाही.

थोरलीला दोन मुली. मोठी नऊ वर्षांची, तिला घरात सगळेच ताई म्हणत. दुसरी अकरा महिन्यांची, रांगताना गूळ सांडला असेल तिथे बरोबर पोचायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. आई वाफ्यात असताना ताई मुंगीला घेऊन बांधावर, गोणपाटाच्या सावलीत बसायची. मुंगीच्या कमरेला दोरी आणि दोरी खुंट्याला, खाऱ्या पाण्यात जाऊ नये म्हणून. ताई दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. पाटी तिने जपून ठेवली होती, पण आता तिच्यावर मुंगी हात आपटायची.

पहिल्या वजनाला मुंगी सात किलो शंभर भरली. पट्टी पिवळ्यात. अलीकडच्या निम्म्या मुलांची पिवळ्यातच होती, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटलं नाही. उलट लोक धाकटीच्या काट्याची थट्टा करायचे. मुकादमाचा काटा पोत्यामागे दोन किलो खायचा. तेव्हा या मिठागरावर खरं बोलणारा काटा एकच, आणि तो पोरांचा, असं म्हणायचे. धाकटीला ती थट्टा आवडायची. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या हाताखालचं काहीतरी खरं मानत होतं.

चौथ्या महिन्यात वारा फिरला. दोन दिवस आभाळ खाली आलं, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटून राहिली, आणि हंगामाच्या ऐन मध्यात पाऊस पडला. फार नाही, पण मिठाला पुरेसा. ओढून ठेवलेले ढीग खांद्यातून खचले, वाफ्यांतली दाणेदार साय परत पाणी झाली. तिसऱ्या दिवशी ऊन आलं ते फटफटीत पांढरं. मुकादमाने सांगितलं की महिन्याअखेर माल ठरल्याएवढा लागेल, पाऊस त्याने पाडला नव्हता.

मग पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम सुरू झालं. पावसाने रस्ता खचला होता, टँकर एक दिवसाआड येऊ लागला. पलीकडच्या पाळणाघराला पाहणीवाल्यांचं वेगळं पाणी यायचं. अलीकडे लोक विहिरीचं मचूळ पाणी कपड्यातून गाळून पिऊ लागले. थोरलीचं दूध आटलं. पहिल्यांदा एका बाजूचं, मग दोन्ही. ताई मुंगीला भाताचं पाणी पाजायची, ते अर्ध्या तासात खालून निघून जायचं.

पाचव्या वजनाला मुंगी सहा किलो आठशे भरली. धाकटीने तिसऱ्यांदा टांगलं. आकडा तोच. थोरली समोर उभी होती. तिने विचारलं नाही, धाकटीने सांगितलं नाही. नियम तसा होताच.

सहाव्या वजनाला मात्र मुंगी सात किलो शंभर भरली.

काट्याचं काही बिघडलं असेल म्हणून धाकटीने पाण्याची भरलेली बाटली टांगून पाहिली. काटा बरोबर होता. मुंगीच्या गालाला किंचित गोलाई आली होती, ती झोळीत पाय झाडत होती. अलीकडे त्या महिन्यात एकही मूल वाढलं नव्हतं. धाकटीने मान वर केली. ताई पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

थोरलीने खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. ताई तीन आठवडे रोज दुपारी मुंगीला कडेवर घेऊन बांध ओलांडत होती. पाळणाघरातल्या मावशीने पहिल्या दिवशी नको म्हटलं, दुसऱ्या दिवशी एक वाटी बाहेर आणून दिली, तिसऱ्या दिवसापासून आतच घेतलं. एका पोराचा भात म्हणजे मूठभर, असं ती म्हणाली होती. ताईलाही कोपऱ्यात बसवून फळ्यावरची अक्षरं गिरवू द्यायची. सांगताना थोरलीच्या तोंडावर जे आलं होतं ते धाकटीने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

फॉर्मवर नववा प्रश्न होता. या महिन्यात मूल पाळणाघरात गेलं होतं का? अलीकडे धाकटी तो विचारायचीही नाही, नुसतं 'नाही' लिहायची.

त्या दिवशी तिचा हात थांबला. ती घरात जाऊन फॉर्म मांडीवर घेऊन बसली. 'नाही' लिहिलं तर कागद म्हणेल की अलीकडची मुलंसुद्धा आपोआप वाढतात, पाळणाघर लागत नाही. उद्या कोणी तेवढंच बोट धरून म्हणेल की मग कशाला हवीत पाळणाघरं. आणि 'हो' लिहिलं तर? शंभर-सव्वाशे फॉर्ममध्ये एक खूण कोण बघणार? बघितली तर बाईच बघतील, आणि बाई समजून घेतील. मनाने काही लिहायचं नाही, मनाने काही गाळायचं नाही. तिने 'हो' वर खूण केली आणि फॉर्म गठ्ठ्यात मधोमध सरकवला.

आठव्या दिवशी मोटारसायकलवरून तपासनीस आला. तरुण, शांत, धुळीने भुवया पांढऱ्या झालेला माणूस. तो कोणावर ओरडला नाही. मावशीला एवढंच सांगितलं की पुन्हा असं झालं तर तिच्या जागी दुसरी बाई येईल. पलीकडच्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात नावाचं कार्ड घातलं आणि कुंपणाला फाटक लावलं.

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीच्या वेळी गेली. फाटकाबाहेर मुंगीला घेऊन उभी राहिली. मावशीने तिला पाहिलं आणि पाठ फिरवली. आत ताटल्यांचा आवाज सुरू झाला. मुंगीने तो ओळखला आणि ती कडेवरून आतल्या बाजूला झेपावू लागली. जेवणं उरकून ताटल्या धुवून होईपर्यंत ताई तशीच उभी होती. मग परत आली. हे सगळं तिने घरी सांगितलं नाही. बांधावर पोती शिवणाऱ्या एका म्हातारीने सांगितलं.

संध्याकाळी थोरली पाय धुवून आली आणि धाकटीसमोर उभी राहिली.

"तू लिहिलंस?"

"हो."

"बरं."

एवढंच. भांडण झालं असतं तर बरं, असं धाकटीला वाटत राहिलं. पुढच्या वजनाचे चार दिवस आले तेव्हा थोरलीने तिच्या वाटचे वाफे न बोलता ओढले. भाकरी वाढतानाही ती तिच्या ताटात कमी वाढायची नाही. सासू मात्र एकदा अंधुक डोळे तिच्याकडे लावून म्हणाली की खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं पाहिलीत, पण मीठ कोणाचं खाल्लं हे विसरणारी पहिल्यांदाच पाहिली.

बाई आल्या तेव्हा धाकटी मुकादमाच्या छपराखाली त्यांना गाठून बसली. एक मूल आत घ्या, मी त्याचा फॉर्म फाडून टाकते, असं म्हणाली. बाईंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"फॉर्म फाडला तरी मूल यादीत राहतं," त्या म्हणाल्या. "आणि एक घेतलं की अलीकडच्या साठही घरांनी का येऊ नये? मग फरक उरत नाही. फरक उरला नाही तर इथल्या अकराही मिठागरांवर कुठेच काही होत नाही. मी हे नीट झोपून उठून सांगतेय असं समजू नका."

त्यांनी साखर-मिठाच्या पुड्या दिल्या, उकळलेल्या पाण्यात घालून पाजायच्या. आणि म्हणाल्या की पट्टी लाल झाली तर फोन करा, गाडी येईल, दवाखान्याचं सगळं होईल. हा नियम त्यांनी पाहणीच्या समितीशी भांडून घालून घेतला होता. हे सांगताना त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

पुड्या चार दिवस पुरल्या. त्यानंतर घरात एक विचित्र वाट बघणं सुरू झालं. मोठा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर होता. डांबरी रस्त्यापर्यंत दोन तास चालायचं, तिथून मिळेल ते वाहन. थोरल्या दिराने दोन दिवसांची सुट्टी मागितली तर मुकादम म्हणाला की जा, पण परत आलास की दुसरं मिठागर बघ. मग उरली ती गाडी, आणि गाडी लालवर होती. सकाळ-संध्याकाळ धाकटी मुंगीच्या दंडाला पट्टी लावायची. अकरा पूर्णांक नऊ. अकरा पूर्णांक आठ. पिवळा. मुंगी आता पाय झाडत नव्हती. कोणी उचललं तर उचललेल्या बाजूला मान टाकायची. सासू चुलीपाशी बसून विचारायची, काय आलं? आणि पिवळं म्हटलं की सुस्कारा टाकायची. पोर लाल व्हावं म्हणून घर टपून बसलं होतं.

अकरा पूर्णांक सात आलं त्या दिवशी थोरली खूप दिवसांनी आपणहून बोलली.

"थोडी आवळ की."

धाकटीने पट्टी आवळली. मऊ दंड दबला, पट्टीच्या आकडा दाखवणाऱ्या खिडकीत लाल दिसला. तिने फॉर्मवर अकरा पूर्णांक चार लिहिलं. एवढ्या महिन्यांत तिने लिहिलेला तो पहिला खोटा आकडा. लिहिताना अक्षर जरासुद्धा हललं नाही, याचंच तिला नवल वाटलं. तिने फोन केला.

गाडी आली नाही, तपासनीस आला. पाळणाघराच्या भानगडीपासून या वस्तीतला प्रत्येक लाल आकडा पुन्हा मोजायचं ठरलं होतं. त्याने दोन बोटांनी पट्टी सोडवून सैल केली, तीनदा मोजलं. अकरा पूर्णांक सात. त्याने जुना आकडा एका रेघेने खोडला, शेजारी नवा लिहिला आणि सही केली.

"तुम्ही तर खरं लिहिणाऱ्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरोखर वाईट वाटलं होतं त्याला.

त्याच्या पाठोपाठ गरम वारा सुटला. चार दिवस तो थांबला नाही. वाफ्यांवरून पांढरी भुकटी उडून डोळ्यांत, कपड्यांत, भातात येत होती. एका टँकरचा आस वाटेत मोडला आणि सलग तीन दिवस गोडं पाणी आलं नाही. विहिरीच्या तळाचं पाणी उपसून लोक पीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुंगीला जुलाब सुरू झाले, दुपारपर्यंत त्यात नुसतं पाणी राहिलं. थोरलीला वाफ्यातून बोलावलं. ती ओल्या पायांनीच आली. मुंगीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

धाकटीने पट्टी लावली. या वेळी आवळावी लागली नाही.

फोन लागला, गाडी निघाल्याचंही कळलं, पण खचलेल्या रस्त्यामुळे ती लांबून फिरून यायची होती. थोरला दीर आणि थोरली मुंगीला चादरीत घेऊन डांबरी रस्त्याकडे चालत निघाले, गाडीला सामोरे. धाकटी मागे छत्री धरून. ऊन डोक्यावर होतं. वाटेत थोरली दोनदा थांबली, चादर बाजूला करून बघितलं, पुन्हा चालू लागली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिने चादर बाजूला केली नाही. तशीच चालत राहिली. रस्त्यावर पोचल्यावर ती मैलाच्या दगडावर बसली आणि नवऱ्याला म्हणाली की आता गाडीला परत जायला सांगा, त्यांचा फेरा वाचेल.

पुढच्या महिन्याच्या फॉर्मवर मूल हजर नसेल तर कारणाचा आकडा लिहायचा होता. एक म्हणजे स्थलांतर, दोन म्हणजे नकार, तीन म्हणजे मृत्यू. धाकटीने तीन लिहिलं. त्या महिन्यात अलीकडे तिला आणखी दोनदा तीन लिहावं लागलं. पलीकडे एकदाही नाही.

तिने काटा परत करायचं ठरवलं. झोळी धुवून वाळवली, घडी करून कोपऱ्यात ठेवली. वजनाचा दिवस उजाडला तेव्हा काटा आणि झोळी दारात आणून ठेवलेली होती. थोरली फळी खांद्यावर घेऊन निघायच्या बेतात होती.

"आता अर्धवट सोडशील तर ती फुकट गेली," ती म्हणाली.

धाकटीने दुसरा हंगामही पुरा केला. एक आकडा चुकवला नाही.

निकालाचा कागद ठेवायचा होता तो दिवस आला. शहरातल्या एका मोठ्या दालनात पाहणीत काम केलेल्या सगळ्याजणींना मागच्या रांगेत बसवलं होतं. पंखे होते, काचेच्या पेल्यांत पाणी होतं. धाकटीने पाणी दोनदा प्यायलं. बाईंनी भिंतीवर दोन रेघा दाखवल्या. एक चढत जाणारी, ती पलीकडची. एक खाली उतरणारी, ती अलीकडची. पलीकडच्या मुलींतल्या दहांपैकी सात शाळेत जाऊ लागल्या होत्या. बायकांची कामावर न येण्याची दुखणी निम्म्यावर आली होती. यातलं काही खोटं नव्हतं. धाकटीने स्वतः पलीकडची पोरं टांगली होती, ती तिच्या हातात जड होत गेली होती.

खालच्या रेघेत ती मुंगीचे तीन आठवडे शोधत होती. ते वाढलेले तीनशे ग्रॅम. कुठेच दिसले नाहीत. साठ मुलांच्या रेघेत एकीचे तीनशे ग्रॅम दिसत नाहीत. सहाव्या महिन्यानंतर रेघ जिथे एकदम खाली गेली होती, तिथे एका मोठ्या अधिकाऱ्याने काठी टेकवली आणि इथे काय झालं असं विचारलं. बाईंनी सांगितलं की त्या सुमारास टँकर बंद होते, तुलनेच्या वस्तीत तीन मुलं दगावली. सांगताना त्यांनी समोरच्या कागदावरून मान वर केली नाही.

अधिकाऱ्याने काठी खाली ठेवली. तो वाईट माणूस वाटत नव्हता. "इतका स्पष्ट फरक फार क्वचित मिळतो," तो म्हणाला. "आता शंकेला जागा नाही."

सगळ्या मिठागरांवर पाळणाघरं करायचा निर्णय त्याच दुपारी झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारणीने वाजवल्या म्हणून धाकटीनेही वाजवल्या, आणि मग हात पदरात गुंडाळून घेतले.

अलीकडचं पाळणाघर चार महिन्यांत उभं राहिलं. पत्र्याचं छप्पर, आत उकळलेल्या पाण्याचा पिंप, भिंतीवर अक्षरं. पहिल्या दिवशी अठरा मुलं आली. ताई शाळेत जाऊ लागली. तिला वर्गात सगळ्यांत मागे बसवलं, कारण ती वयाने मोठी होती. पण ती जायची. बाईंनी शेवटचा एक फॉर्म पाठवला होता, निर्णयाचा गुण येतोय का ते बघायला. शाळेत जाऊ लागलेल्या प्रत्येक मुलीच्या आईला विचारायचा होता आणि प्रश्न जसा लिहिला आहे तसाच मोठ्याने वाचायचा होता.

धाकटी संध्याकाळी थोरलीपाशी बसली. थोरली टाचेच्या भेगांत तेल जिरवत होती. ताईचं नाव, वय, इयत्ता, हे सगळं धाकटीने न विचारताच भरलं. खाली एक प्रश्न उरला. तो तिने मनात दोनदा वाचला. मनाने गाळावा असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तिला थांबलेली पाहून थोरली म्हणाली की वाच, काय असेल ते.

धाकटीने वाचला. "लहान भावंडाला सांभाळण्यातून मोकळी झाल्यामुळे मुलगी शाळेत जाऊ लागली का? हो किंवा नाही."

थोरलीचा अंगठा भेगेवर थांबला. बाहेर ताई पाटीवरचं काहीतरी मोठ्याने वाचत होती, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून.

"हो लिही," थोरली म्हणाली, आणि दुसरा पाय पुढे घेतला.